चपलेच्या मापाचं भय

फ्रँक मार्शलच्या 'अ‍ॅरॅक्नोफोबिया' (१९९०) या चित्रपटात गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टर मेटकाफच्या सपातेत एक कोळी जाऊन बसतो. आपल्याला तो दिसतो, डॉक्टरला दिसत नाही. दिग्दर्शकालाही मग घाई नसते. डॉक्टर आपल्या घरात नेहमीच्या सवयीने वावरत राहतो आणि आपण त्याच्या पायांवरून नजर हलवू शकत नाही. या वेळात प्रेक्षक चक्क हसत असतात. दंश व्हायच्या आधी हसू येऊन गेलेलं असतं आणि दंश झाल्यावर तेच हसू घशात अडकतं. त्या रात्री घरी गेल्यावर पायताण उलटं करून झटकल्याशिवाय पाय घालवत नाही. विनोदी भयपट नावाच्या अवघड प्रकारात इतकं नेमकं, इतकं घरगुती यश फार थोड्या चित्रपटांना मिळालं आहे.

विषारी कोळ्यांवरचे विनोदी भयपट संख्येने थोडेच आहेत. समीक्षकांनी त्यांना कधी फारसं मनावर घेतलेलं नाही. तरी दर दहा-बारा वर्षांनी कुणीतरी या विषयाकडे वळतं आणि प्रेक्षक येतात. मला वाटतं, त्याचं कारण या प्राण्याच्या आकारात आहे. शार्क, मगर, अजगर यांच्यासमोर माणूस दुबळा असतो, त्यामुळे तिथे भीती एकसुरी राहते. झुरळासमोर माणूस बलवान असतो, तिथे फक्त किळस उरते. विषारी कोळी या दोन्हींच्या मध्ये बसतो. तो चावला तर माणूस मरतो, आणि चप्पल नेमकी बसली तर तो मरतो. ही बरोबरीची लढत आहे, आणि तिच्यातला एक पक्ष सहा फुटी, शिकलासवरलेला, घर-गाडी असलेला माणूस आहे. हा माणूस पलंगावर उभा राहून हातातल्या झाडूने हवेत वार करतो, तेव्हा त्याची भीती खरी असते आणि त्याचं ध्यान हसण्यासारखंच असतं. दोन्ही एकाच वेळी खरं असणं ही या प्रकाराची ताकद आहे. ज्या चित्रपटांनी कोळ्याचा आकार वाढवला, त्यांनी ही बरोबरी मोडली. या प्रकाराचा गेल्या सत्तर वर्षांचा चढ-उतार मला बराचसा याच एका गोष्टीने समजतो.

सुरुवात मोठ्या कोळ्यापासूनच झाली. जॅक अर्नोल्डच्या 'टॅरँट्युला'मध्ये (१९५५) प्रयोगशाळेतून सुटलेला कोळी वाढत वाढत टेकडीएवढा होतो आणि शेवटी लढाऊ विमानं त्याच्यावर नेपाम टाकून त्याला जाळतात. त्या विमानांच्या तुकडीच्या प्रमुखाच्या भूमिकेत तरुण क्लिंट ईस्टवूड आहे, श्रेयनामावलीत त्याचं नावही नाही. अर्नोल्डने खरा टॅरँट्युला घेऊन, त्याच्या अंगावर हवेचे झोत सोडत, छोट्या देखाव्यांवरून त्याला चालवलं होतं. म्हणून वाळवंटातल्या रस्त्यावरून येणारे ते आठ पाय आजही पटतात. दोनच वर्षांनी त्याच अर्नोल्डने 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन'मध्ये (१९५७) उलट बाजूने विचार केला. कोळी होता तेवढाच ठेवला आणि माणसाला लहान केलं. तळघरातल्या साध्या कोळ्याशी टाचणी घेऊन लढणारा तो नायक मला 'टॅरँट्युला'तल्या सगळ्या विमानांपेक्षा जास्त भिडतो, कारण ते तळघर आपल्या ओळखीचं आहे. तिथे विनोद नाही. पण पुढे विनोदाला जी जागा लागणार होती ती, म्हणजे घरातला अंधारा कोपरा, अर्नोल्डने शोधून ठेवली.

मधल्या काळातले चित्रपट हसवतात, पण त्यांना हसवायचं नव्हतं. बिल रेबेनच्या 'द जायंट स्पायडर इन्व्हेजन'मध्ये (१९७५) राक्षसी कोळी म्हणून फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीला पाय आणि केस लावून रस्त्यावर आणलं होतं. ते पाहून येणारं हसू चित्रपटाच्या अंगावर येतं, त्यातल्या माणसांवर नाही. हे हसू मला कधी फारसं पौष्टिक वाटलं नाही. 'किंगडम ऑफ द स्पायडर्स' (१९७७) मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे. अ‍ॅरिझोनातलं एक गाव, कीटकनाशकांनी कोळ्यांचं भक्ष्य मारून टाकलेलं, म्हणून हजारो टॅरँट्युला माणसांकडे वळलेले, आणि त्यांच्यामध्ये विल्यम शॅटनर. खर्चाचा एक वाटा जिवंत कोळी मिळवण्यात गेला होता. संख्येची दहशत या चित्रपटाने दाखवली. मात्र त्यातल्या माणसांना स्वभाव नाहीत, त्यामुळे त्यांच्या घाबरण्यावर हसूही येत नाही.

फ्रँक मार्शलचा कोळ्यांशी संबंध 'अ‍ॅरॅक्नोफोबिया'च्या आधीचा आहे. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) या स्पीलबर्गच्या चित्रपटाचा तो निर्माता होता. त्याच्या सुरुवातीला आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवर टॅरँट्युला सोडलेले दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी ते नुसतेच बसून राहिले. सगळे नर होते. मग एक मादी आणून सोडली आणि पाठभर धावपळ सुरू झाली. मोलिनाच्या चेहऱ्यावरची भीती अभिनयाची किती आणि खरी किती, हे वेगळं सांगायला नको. हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो, कारण कोळ्याबरोबर काम करण्याची मुख्य अडचण त्यात आहे. कोळी बहुतेक वेळ काहीच करत नाही. तो थांबतो. आणि एकदा हलला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. मार्शलने दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला, तेव्हा या थांबण्यावरच त्याने सगळी मांडणी उभी केली.

त्यासाठी त्याने निवडलेला कोळीही विचार करण्यासारखा आहे. न्यूझीलंडमध्ये 'अ‍ॅव्हॉनडेल' नावाने ओळखला जाणारा हा हंट्समन जातीचा कोळी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथून तो ऑकलंडच्या अ‍ॅव्हॉनडेल उपनगरात पोचला आणि त्या उपनगराचं नाव त्याला चिकटलं. आकाराने तळहाताएवढा, अंगाने चपटा, झाडाच्या सालीखाली कळपाने राहणारा आणि माणसाला जवळजवळ निरुपद्रवी. बहुतेक कोळी एकमेकांना खातात. हा एकत्र नांदतो, म्हणून शेकड्याने सांभाळता येतो. स्टीव्हन कुचर या कीटकतज्ज्ञाने त्यांना वळवण्याचे उपाय शोधले. कुठे उष्णता, कुठे तारेतून दिलेली कंपनं, तर कुठे लिंबाच्या वासाचं फर्निचर पॉलिश. त्या पॉलिशवरून कोळी चालत नाहीत, म्हणून ते जिथे फासलेलं नाही तिथूनच त्यांना जावं लागतं. पुढे 'स्पायडर-मॅन'मध्ये (२००२) पीटर पार्करला चावणारा कोळी रंगवून तयार केला तोही याच कुचरने. मोठ्या 'सेनापती' कोळ्यासाठी एक खराखुरा भलामोठा टॅरँट्युला आणि ख्रिस वॉलसच्या कार्यशाळेत बनलेला यांत्रिक कोळी, असं दुहेरी काम झालं. पण लक्षात राहतात ते छोटेच. दिव्याच्या आडोशाला, फुटबॉलच्या हेल्मेटमध्ये, मक्याच्या लाह्यांच्या भांड्यात, न्हाणीघरात. मार्शलने घरातल्या प्रत्येक निर्धास्त जागेला एकेक कोळी वाटून दिला.

आता या चित्रपटातल्या विनोदाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण नंतरच्या अनुकरणांनी नेमकं हेच सोडलं. डॉ. रॉस जेनिंग्ज (जेफ डॅनियल्स) सॅन फ्रान्सिस्को सोडून कॅलिफोर्नियातल्या कनाइमा नावाच्या छोट्या, काल्पनिक गावात येतो. जुना डॉक्टर निवृत्त होणार, दवाखाना याला मिळणार, असं ठरलेलं. आल्यावर कळतं की म्हाताऱ्याने विचार बदलला आहे. रॉसकडे एक आजीबाई पहिली रुग्ण म्हणून येते, त्याच्या स्वागतासाठी घरी मेजवानी देते आणि नंतर मरते. त्याने तपासलेला शाळेच्या संघातला फुटबॉल खेळाडू मैदानावर मरतो. कोळ्यांचा पत्ता कुणालाच नाही, त्यामुळे गाव आपल्या परीने हिशेब मांडतं आणि नव्या डॉक्टरला 'डॉक्टर डेथ' म्हणू लागतं. हा विनोद कोळ्याशिवायही उभा राहिला असता. नव्या माणसाला गाव कसं जोखतं, जुन्या डॉक्टरवरची निष्ठा कशी हट्टी असते, एक बातमी किराणा दुकानापासून चर्चपर्यंत कशी पोचते, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी राहिलेल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. कोळी या विनोदाला धार लावतो, त्याचा मूळ आधार मात्र माणसंच आहेत.

त्यात भर म्हणजे हाच डॉक्टर कोळ्यांना लहानपणापासून भितो. पाळण्यात असताना अंगावरून कोळी गेल्याची त्याची आठवण आहे. त्या वेळी हात-पाय हलले नव्हते, तसेच ते आजही हलत नाहीत. आधीच्या चित्रपटांत किंकाळी बाईच्या वाट्याला ठेवलेली असायची. इथे ती घरच्या कर्त्या पुरुषाकडे आली, तीही डॉक्टरकडे, ज्याने दुसऱ्याच्या भीतीला औषध द्यायचं. बायको मात्र शांत आहे. ही अदलाबदल १९९० मध्ये नवी होती. तिच्यामुळे रॉसची फजिती पाहताना आपण हसतो, पण त्याला हलका लेखत नाही, कारण शेवटच्या तळघराच्या प्रसंगात हेच गोठलेले हात-पाय त्याला हलवावे लागतात.

आणि डेल्बर्ट मॅक्लिंटॉक. जॉन गुडमनने उभा केलेला हा पेस्ट कंट्रोलवाला म्हणजे या प्रकाराला मिळालेली सर्वांत मोलाची देणगी. तो भला थोरला माणूस घरात शिरतो तो युद्धावर निघाल्याच्या थाटात, आणि पहिला कोळी समोर येतो तेव्हा पायाखाली घेऊन मोकळा होतो. गुडमन त्याला विदूषक करत नाही. डेल्बर्टला आपल्या धंद्याचा अभिमान आहे आणि तो अभिमान खरा आहे. दुसऱ्या टोकाला ज्युलियन सँड्सचा प्राध्यापक अ‍ॅथर्टन. कोळ्यांबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्याला, आणि तो आपल्या माहितीच्या भरवशावर एकटाच गोठ्यात जाऊन जाळ्याची तार छेडतो. परत येत नाही. पदवीवाल्याचा बळी जातो आणि फवारणीवाला तगतो, हे लेखकांनी एकाही भाषणाशिवाय सांगितलं आहे. डिस्नेच्या कंपनीने 'हॉलिवूड पिक्चर्स' या नव्या नावाखाली काढलेला हा पहिला चित्रपट. जाहिरातीत त्यांनी त्याला 'थ्रिलॉमेडी' असा जोडशब्द चिकटवला. शब्द टिकला नाही, चित्रपट टिकला.

आपल्याकडे विनोदी भयपट म्हटलं की भूत येतं. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या हातातून जिवंत झाला आणि मराठी मुलांच्या एका पिढीने बाहुल्यांकडे संशयाने पाहिलं. आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली'त (२०२२) डोंबिवलीच्या उंच इमारती आणि शेजारची वस्ती यांच्यात झाँबी सोडले, आणि हिंदीतल्या 'मुंज्या'त (२०२४) कोकणातला मुंजा आणला. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तात्या विंचूला नायक लक्ष्याचं शरीर हवं असतं, मुंज्याला लग्न हवं असतं. आपल्या भुताला इच्छा असते, राहिलेलं देणंघेणं असतं. त्याच्याशी बोलता येतं, त्याला फसवता येतं, गोष्ट त्याच्या मागण्याभोवती फिरते. कोळ्याला काहीच नको असतं. त्याचा तुमच्यावर राग नाही. तुम्ही त्याच्या लेखी एक उष्ण, हलणारी वस्तू आहात. त्यामुळे कोळ्याच्या चित्रपटात विनोदाचा सगळा भार माणसांना उचलावा लागतो. खलनायक एकही वाक्य बोलत नाही, चेहराही करत नाही. पटकथाकाराला यापेक्षा कठीण परीक्षा नाही, आणि बरेचजण तिथेच हरतात.

न्यूझीलंडच्या एलोरी एल्कायमचा 'एट लेग्ड फ्रीक्स' (२००२) हरतो आणि जिंकतोही. अ‍ॅरिझोनातल्या डबघाईला आलेल्या खाणगावात विषारी रसायनाचं पिंप ट्रकवरून तळ्यात पडतं, कोळी पाळणाऱ्याने तिथले रातकिडे त्यांना चारलेले असतात, आणि कोळी गाडीएवढे होतात. डेव्हिड आर्केट नायक, आणि किशोरवयीन स्कार्लेट जोहान्सन शेरीफच्या मुलीच्या भूमिकेत. इथे एक छोटा मुलगा सगळं ओळखून असतो आणि मोठी माणसं ऐकत नाहीत, हा जुना साचा आहे, पण आनंदाने वापरलेला. मला यातली दोन दृश्यं फार आवडतात. एक, मोटारसायकलींवर पळणाऱ्या पोरांवर वाळवंटात उड्या मारत येणारे कोळी. उडी मारणाऱ्या कोळ्यांची चाल इथे नीट अभ्यासलेली आहे. दुसरं, भिंतीच्या आत चाललेली मांजर आणि कोळ्याची झुंज. आपल्याला दिसते फक्त भिंत, तिच्यावर उमटणारे फुगवटे, आणि शेवटी मांजराच्या चेहऱ्याचा ठसा. कोळी न दाखवता केलेला हा विनोद चित्रपटातला सर्वोत्तम आहे, आणि तो नेमका घराच्या भिंतीत घडतो.

बाकी ठिकाणी आकार आड येतो. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात प्राण्याच्या आकाराचं गणित समजावून दिलं आहे. प्राण्याची लांबी दसपट झाली तर वजन हजारपट होतं, पण पायांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि श्वासाची जागा शंभरपटच वाढते. गाडीएवढा कोळी आपल्याच वजनाखाली कोसळेल आणि गुदमरेल. त्यातून कोळ्याचे पाय ताठ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात ते तो दाब गेल्यामुळे. प्रेक्षकाला हे गणित ठाऊक नसतं, पण त्याच्या शरीराला काहीतरी चुकतंय हे कळतं. गाडीएवढ्या कोळ्याची आठवण आपल्या कुणाच्याच अंगात नाही. अंथरुणावर काहीतरी सरसरल्याची आठवण सगळ्यांच्या अंगात आहे. एल्कायमला याची जाणीव होती, म्हणून त्याने कोळ्यांना चित्रविचित्र आवाज दिले, त्यांना व्यंगचित्रासारखं वागवलं, आणि दूरचित्रवाणीवर राक्षसी मुंग्यांचा 'देम!' (१९५४) चालू ठेवून आपण कुठल्या घराण्यातले ते सांगितलं. हसू मिळालं. भीती त्याने जवळजवळ सोडून दिली.

पुढची दहा-बारा वर्षं या प्रकारासाठी वाईट गेली. सायफाय वाहिनीच्या 'शार्कनेडो'ने (२०१३) असा समज पसरवला की चित्रपट मुद्दाम वाईट करणं हाच विनोद. कोळ्यांच्या वाट्याला माइक मेंडेझचा 'लाव्हालँट्युला' (२०१५) आला. लॉस एंजेलिसमध्ये ज्वालामुखी, त्यातून आग ओकणारे कोळी, नायक स्टीव्ह गटेनबर्ग आणि त्याच्याबरोबर 'पोलीस अकॅडमी'तली जुनी मंडळी. कलाकार मजेत आहेत, प्रेक्षकाला मात्र कशाचीच चिंता वाटत नाही, कारण पडद्यावर कुणालाच चिंता नाही. भीती खोटी असली की विनोदालाही टेकायला जागा राहत नाही. मेंडेझचाच आधीचा 'बिग अ‍ॅस स्पायडर!' (२०१३) मात्र वेगळा काढावा लागतो. ग्रेग ग्रनबर्गचा पेस्ट कंट्रोलवाला आणि लोम्बार्डो बोयारचा रुग्णालयातला सुरक्षारक्षक, दोन बिनमहत्त्वाची माणसं, लष्कराच्या मागे मागे जाऊन त्याच्या आधी कोळ्यापर्यंत पोचतात, कारण कोळी कसा वागेल याचा विचार फक्त पेस्ट कंट्रोलवाला करतो. चित्रपटातले संगणकी परिणाम स्वस्त आहेत. या दोघांची दोस्ती अस्सल आहे. कोळी इमारतीवर चढल्यावर माझं लक्ष उडालं, आणि हे दोघं बोलायला लागले की परत आलं.

कोळ्याची भीती नक्की कुठे असते, याचं उत्तर मला एका खेळात मिळालं. 'ग्राउंडेड' (२०२०) या व्हिडिओ गेममध्ये कोळ्यांना भिणाऱ्या खेळाडूंसाठी सोय आहे. एक पट्टी सरकवत नेली की कोळ्याचे पाय जातात, मग जबडा जातो, शेवटी हवेत तरंगणारा नुसता गोळा उरतो. तो गोळाही मारायला येतो, तरी भीती बरीच ओसरते. म्हणजे भीती मारण्याची नाही, पायांची आहे. आठ पाय, प्रत्येक वेगळ्या वेळी उचलला जाणारा, आणि मधेच सगळं थांबणं. 'हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सीक्रेट्स'मध्ये (२००२) अ‍ॅरागॉगच्या गुहेपेक्षा रुपर्ट ग्रिंटचा चेहरा जास्त लक्षात राहतो. त्याला कोळ्यांची भीती खरोखरच आहे. दोन-तीन सेकंदांच्या त्या चेहऱ्यात भय आणि हसू एकत्र नांदतं.

आणि मग अचानक दोन चांगले चित्रपट पाठोपाठ आले. सेबास्तियाँ व्हानिचेकचा फ्रेंच 'व्हेर्मीन' डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-ग्राँमधली 'पिकासोचे आखाडे' म्हणून ओळखली जाणारी भव्य, गोल चकत्यांची गृहवसाहत हे त्याचं चित्रीकरणस्थळ. कालेब नावाचा तरुण बूट विकतो, घरात विंचू-सरडे पाळतो. दुकानातून आणलेला कोळी तो बुटाच्या खोक्यात ठेवतो आणि कोळी निसटतो. पुढे पोलीस इमारतीला बाहेरून कुलूप ठोकतात. आतल्या माणसांना बाहेरचे लोक काय समजतात, ते चित्रपटाच्या नावातच आहे: उपद्रवी किडे. 'झोंबिवली'ने इमारत आणि वस्तीच्या भिंतीबद्दल जे म्हटलं, त्याची इथे आठवण येते. हे दोन चित्रपट एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांचा राग एकाच जातीचा आहे.

'व्हेर्मीन' विनोदी चित्रपट म्हणून बनलेला नाही. तरी पहिल्या अर्ध्या तासात मित्रमंडळींच्या चिडवाचिडवीत, एका कोळ्यापुढे चार धट्टेकट्टे जीव एकमेकांना पुढे ढकलतात त्यात, हसू आपसूक येतं. खरे हंट्समन आणि संगणकी कोळी अशी सरमिसळ आहे आणि सांधा दिसत नाही. जिन्याच्या मार्गिकेतला दिवा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, बटण दाबायला कुणीतरी पुढे जायचं, आणि प्रत्येक अंधारानंतर कोळ्यांची जागा बदललेली. हा प्रसंग मी या प्रकारात मेटकाफच्या सपातेशेजारी ठेवीन. मात्र उत्तरार्धात कोळी वाढतात, आवाज वाढतो आणि हसू संपतं. व्हानिचेकला राग महत्त्वाचा वाटला. त्याचा तो निर्णय मला मान्य आहे, तरी थोडं हसू उरलं असतं तर राग जास्त लागला असता असं वाटत राहतं.

किआह रोश-टर्नरचा 'स्टिंग' (२०२४) ऑस्ट्रेलियात बनला आणि न्यूयॉर्कमध्ये घडतो. बर्फाचं वादळ, जुनी इमारत, आणि खिडकी फोडून आत आलेल्या उल्केतून निघालेला कोळी. तो उतरतो बाहुलीच्या घरात. बारा वर्षांची शार्लट त्याला बरणीत ठेवते आणि झुरळं खाऊ घालते. कोळ्याचं शरीर वेटा वर्कशॉपने प्रत्यक्ष बनवलं आणि ते वजन पडद्यावर जाणवतं. चित्रपट सुरू होतो तो विस्मरणाचा आजार झालेल्या आजीच्या घरात. भिंतीमागे आवाज येतात म्हणून तिने फ्रँक नावाच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय, आणि आपण त्याला का बोलावलं हे ती विसरलेली आहे. नोनी हेझलहर्स्टने ही आजी इतक्या मायेने केली आहे की तिच्या विसरण्यावर हसताना अपराधी वाटत नाही. जर्मेन फाउलरचा फ्रँक डेल्बर्टच्या वारशातला. दिग्दर्शकाला हा वारसा ठाऊक आहे, पण त्याला फ्रँकला पुरेसा वेळ देता आलेला नाही. सावत्र बाप आणि मुलीच्या नात्याची गोष्ट त्याला जास्त जवळची वाटली, आणि तिच्यातले प्रसंग आधी पाहिल्यासारखे आहेत.

एक आक्षेप टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हे चित्रपट एका निरपराध प्राण्याची बदनामी करतात. माणसाला मारू शकतील असे कोळी जगात मोजके, आणि त्यांतल्या सिडनीच्या फनेल-वेबवर १९८१ मध्ये प्रतिविष आल्यापासून त्याच्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही. कोकणातल्या घरांच्या भिंतीवर रात्री दिसणारा मोठा चपटा कोळी झुरळं खातो आणि माणसापासून लांब राहतो. 'जॉज'चा लेखक पीटर बेंचली उत्तरायुष्यात शार्कच्या रक्षणासाठी झटला, कारण आपल्या गोष्टीने काय केलं हे त्याने पाहिलं होतं. कोळ्यांच्या बाबतीत मला विनोदी भयपट गंभीर भयपटांपेक्षा कमी दोषी वाटतात. ते माणसाच्या भीतीकडे बोट दाखवतात. 'अ‍ॅरॅक्नोफोबिया'त कोळी जितके भयानक, तितकंच गावाचं संशयी मन भयानक आहे, आणि हसू या दुसऱ्यावर येतं. तरी पुढच्या दिग्दर्शकाने पडद्यावर खऱ्या कोळ्यांना कसं वागवलं हे विचारलं जायला हवं. कुचरने कोळ्यांना वळवलं ते त्यांच्या सवयी शिकून.

२०२२ मध्ये 'अ‍ॅरॅक्नोफोबिया'च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. लेखन-दिग्दर्शनासाठी ख्रिस्टोफर लँडनचं नाव पुढे आलं आणि निर्मात्यांत जेम्स वानचं. लँडनच्या 'हॅपी डेथ डे' (२०१७) आणि 'फ्रीकी' (२०२०) या चित्रपटांत खून आणि हशा यांना एकाच दृश्यात बसवण्याची हातोटी आहे, म्हणून नाव ऐकून मला बरं वाटलं. त्याच्या हाताशी आता असे संगणकी कोळी असतील जे मार्शलने स्वप्नातही पाहिले नसतील. त्याने ते कमीत कमी वापरावेत असं मला मनापासून वाटतं. कोळी सपातेत मावेल एवढाच ठेवावा, त्याला पडद्यावर भरपूर वेळ स्वस्थ बसू द्यावं, आणि पैशांतला मोठा भाग पेस्ट कंट्रोलवाल्याच्या भूमिकेसाठी चांगला नट मिळवण्यावर खर्च करावा.